चहा थंडा होऊन राह्यला

अल्लीपूर,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय शाल्मली,

तू फोन केले असशील, मेसेजही टाकले असशील. फोन बंद करून मी गव्हाच्या कोठीत टाकला आहे, म्हणून मला काहीच कळलं नाही. रागावू नको. या काळात पत्र आलेलं पाहून तुला हसू येईल, पण फोनमध्ये लिहिलेलं-बोललेलं कुठवर जाईल याचा मला आता भरवसा राहिला नाही. कागद निदान तुझ्याच हातात पडेल. तुझा पुण्याचा पत्ता सुमतीकाकूंकडून घेतला, शाळेतल्या फोनवरून. कॉलेजची तीन वर्षं त्यांनी मला वर्ध्याच्या तुमच्या घरी तुझ्याबरोबर, पोटच्या पोरीसारखं ठेवलं, पण त्यांनाही काऊन पत्ता पाहिजे ते सांगितलं नाही.

सचिन गेला त्या दिवसाचं तुला मी फोनवर नीट सांगितलंच नव्हतं. तो हिंगणघाटच्या जिनिंगवर रात्रपाळीला जायचा, हे तुला माहीत आहे. सकाळी यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. मग आई चहा करून त्याच्या उशाशी बसायची आणि त्याला उठवायची. रोजचंच होतं ते. नोव्हेंबरातल्या त्या पहाटे, तो गाडीवरून घरी येताना, रस्त्याच्या कडेला अंधारात कापसाची ट्रॉली उभी होती. ती त्याला दिसली नाही.

दवाखान्यातलं सगळं होऊन त्याला अंगणात आणून ठेवलं तेव्हा दुपार झाली होती. सगळा गाव जमला होता. आई कधी उठून चुलीपाशी गेली कोणालाच कळलं नाही. ती चहाचा कप घेऊन बाहेर आली, त्याच्या डोक्यापाशी बसली आणि रोजच्यासारखीच म्हणाली,

"ऊठ ना रे बाप्पा. चहा थंडा होऊन राह्यला."

थोडं थांबली. मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज फाटला. मी तिला मागून धरून होते. समोर कोणाच्या हातात फोन होता ते मी पाहिलं नाही.

जानेवारीत एक दिवस मी सातवीच्या वर्गात होते. एका पोट्ट्यानं बाकावर डोकं टेकलं. शेजारचा त्याला हलवून म्हणाला, "ऊठ ना रे बाप्पा." शाल्मली, हुबेहूब आईच्या सुरात. अख्खा वर्ग हसला. ती पोरं आजूबाजूच्या खेड्यांतली, त्यांना काय माहीत. मी विचारलं, हे कुठे ऐकलं? "मॅडम, रील आहे ना. सगळे करतात."

घरी येऊन पाहिलं. झोपलेली मांजर. झोपलेला नवरा. सभेत डुलक्या घेणारा पुढारी. हरलेली क्रिकेटची टीम. सगळ्यांवर माझ्या आईचा आवाज. सचिन कुठेच नाही. खाली लोक हसून लोळणारे चेहरे टाकत होते.

मी आईला काही सांगितलं नाही. वाटलं, तिच्याजवळ साधा फोन आहे, तिच्यापर्यंत कशाला येते हे. पण मागच्या आठवड्यात वडनेरला मावशीच्या मुलीची हळद होती. सचिन गेल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती, म्हणून मावशी स्वतः येऊन तिला घेऊन गेली. मीही गेले. जेवणं झाली, डीजे सुरू झाला, पोरं नाचू लागली. गाणं मध्येच थांबलं आणि स्पीकरच्या एवढ्या मोठ्या डब्यांतून आईचा आवाज आला. ऊठ ना रे बाप्पा. मग धाडकन ढोल. पुन्हा, ऊठ ना रे बाप्पा. पुन्हा ढोल. पोरं जमिनीवर पडून झोपल्याचं सोंग करत होती आणि ढोल वाजला की उड्या मारत होती.

आईच्या हातात अक्षतांचं ताट होतं. ती इकडेतिकडे पाहू लागली. मग माझ्याकडे वळली आणि एकदम घाबरून म्हणाली, "मी तर काई बोलली नाई व सुरभी. मी बोलली का?"

मावशी धावत गेली, डीजे बंद केला. डीजेवाला पाया पडला, त्याला माहीतच नव्हतं. कोणालाच माहीत नसतं.

तू त्याच कामात आहेस. व्हिडिओ कसे चालतात ते तुला कळतं. हे बंद कर. मला दुसरं कोणी माहीत नाही.

तुझी,
सुरभी


पुणे,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुरभी,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि परत वर गेले नाही, तशीच घरी आले.

पहिल्यांदा तुला एक सांगते. तो आवाज मी ऐकला होता. आमच्याकडे सगळेच दिवसभर असे आवाज ऐकत असतात. त्याची गती वाढवलेली होती, खाली ढोल होता. काकूंच्या हातचं भरीत-भाकर खाल्लेली मी, मला ओळखू आला नाही.

मी काम करते ते ऑफिस व्हिडिओ बनवून देतं. ते जगाला दाखवणारी कंपनी वेगळी, तिथे माझी ओळख नाही. तरी मी त्यांच्याकडे तक्रार केली आहे. उत्तर आलं की हा आवाज नियमात बसतो. त्यात शिवी नाही, धमकी नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, अक्षर न अक्षर तेच. ते माणसानं लिहिलेलं नसावं.

तू विचारलं नाहीस, पण तुला पडला असेल तो प्रश्न मलाही पत्र वाचल्यापासून पडला आहे: लाखो व्हिडिओंतून हाच का? कोणी ठरवलं? कोणीही ठरवलं नाही गं. यंत्र एखादा व्हिडिओ थोड्या लोकांपुढे टाकून बघतं. त्यांचा अंगठा थांबला, तर आणखी लोकांपुढे टाकतं. माणूस हसला म्हणून थांबला, रडला म्हणून थांबला की किळस आली म्हणून, हे त्याला कळत नाही. थांबला एवढंच कळतं. आणि काकूंच्या आवाजाला कोण थांबणार नाही? त्या आवाजात जे आहे ते आम्ही पैसे मोजून नट्यांकडून काढू बघतो आणि ते निघत नाही.

दुसरं एक आहे, ते लिहू की नको असं झालं. 'ऊठ ना रे बाप्पा' म्हटल्यावर काकू जराशा थांबतात. तेवढ्या जागेत लोक आपली मांजर बसवतात, आपला नवरा बसवतात. आमच्या धंद्यात अशा मोकळ्या जागेला फार किंमत आहे. काकू तिथे का थांबल्या होत्या हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्या उत्तराची वाट बघत होत्या.

सुरभी, एकेक व्हिडिओ काढत बसलो तर आपलं आयुष्य संपेल. एक काढला की शंभर येतात. मला एकच उपाय दिसतो. लोकांना माहीत नाही, हे तूच लिहिलं आहेस. मग त्यांना माहीत करून देऊ. तू कॅमेऱ्यासमोर बस, सचिनचा फोटो हातात घे आणि सांग की हा आवाज माझ्या आईचा आहे, हा माझा भाऊ आहे, त्या दिवशी असं झालं होतं. बस, एवढंच. कापून-जोडून मी करीन. तो कसा पोचवायचा ते मला येतं, तेवढंच मला येतं. खरं कळल्यावरही हसतील इतकी माणसं वाईट नसतात.

विचार करून कळव. काकूंना आणि किसनकाकांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

तुझी,
शाल्मली


अल्लीपूर,
९ मार्च २०२५

प्रिय शाल्मली,

व्हिडिओ कोणी काढला ते कळलं. गजेंद्रनं. सचिनचा जिवलग दोस्त, ज्यानं दहाव्याला आमच्या घरच्यांसोबत डोकं भादरून घेतलं होतं, तोच. मी त्याच्या घरी गेले तेव्हा मनात ठरवून गेले होते की चार लोकांत त्याच्या थोबाडात मारायची. मला पाहून तो उभाच राहिला.

"मी सचिनसाठी टाकला होता व ताई," म्हणाला. "गावाच्या पेजवर. त्याची माय त्याच्यावर किती जीव लावत होती, लोकाईले मालूम पडावं म्हनून. त्याच्यातला आवाज कोन कापून नेला, मले नाई मालूम." दुसऱ्याच आठवड्यात त्याला हसणारा पहिला रील दिसला आणि त्यानं पेजवरचा काढून टाकला. आपल्या फोनमधलाही पुसला. तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. बोलता बोलता तो इतका रडला की मीच त्याला पाणी दिलं. मारायला गेले आणि पाणी पाजून आले.

तुझं म्हणणं घरी सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "करून पाह्य. लोकाईच्या घरीबी माय हाये."

आईनं फक्त एक विचारलं. "त्याच्यात सचिनचं नाव येईन का?"

मी म्हटलं, येईल.

"मंग कर."

पुलगावच्या माझ्या मैत्रिणीनं, सरितानं, तिच्या फोनवर माझा व्हिडिओ काढला आहे. ती पुढच्या रविवारी पुण्याला येते, तुला हातोहात देईल. मी त्यात दोनदा अडखळले आहे, ते काढून टाक. बाकी तू पाहा. मला भीती वाटते आहे, पण तुझ्यावर भरवसा आहे.

सुरभी


पुणे,
२ एप्रिल २०२५

प्रिय सुरभी,

चाललं! तू फोन लावत नाहीस म्हणून तुला काहीच दिसत नसेल. इकडे चार दिवसांत तुझा व्हिडिओ सगळीकडे गेला आहे. तू अडखळलीस त्या जागा मी काढल्या नाहीत. तिथेच लोकांचा जीव अडकतो. सोलापूरहून, बेळगावहून, कुठून कुठून बाया लिहीत आहेत: आम्ही हसलो, आम्हाला माफ करा. ज्यांनी मांजरीचा रील केला होता त्यातल्या कितीतरी जणांनी आपणहून काढून टाकला. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितला, दोघीजणी रडल्या. आमचे साहेब म्हणाले, इतका सच्चा व्हिडिओ त्यांनी वर्षभरात पाहिला नव्हता.

आणि आणखी एक. कंपनीनं अखेर तक्रार घेतली. अंगणातलं चित्र दाखवणारे जे जे व्हिडिओ होते ते सगळे काढून टाकले. मृत व्यक्ती दिसते म्हणून. आवाजाचं अजून चालू आहे, पण आता तेही होईल असं वाटतं.

काकूंना सांग, लाखो लोकांना आता सचिनचं नाव माहीत आहे. तुझ्या पत्राची वाट बघते आहे. या वेळी जरा बरं वाटणारं पत्र येईल ना?

तुझी,
शाल्मली


अल्लीपूर,
६ मे २०२५

प्रिय शाल्मली,

तुझं पत्र मिळालं. लगेच लिहिलं नाही, कारण त्या आठवड्यात घरात माणसं होती. रोज असतात.

पहिल्यांदा हिंगणघाटचे दोघं आले, माईक घेऊन. मग वर्ध्याचे. मग अमरावतीहून गाडी करून एक जोडपं आलं. ते म्हणाले, आम्ही फक्त आईचे पाय धरायला आलो. आणि पाय धरताना तिसऱ्याला फोन धरायला दिला. बसस्टँडवर उतरून लोक विचारतात, ते चहावाल्या आईचं घर कुठे? पानठेल्यावाला बोट दाखवतो. बाबांनी एकाला हात जोडून जा म्हटलं, तर त्यानं तेही फोनमध्ये काढलं आणि खाली लिहिलं, 'बापाला माज आला'.

तू लिहिलं होतं, माणसं वाईट नसतात. खरं आहे. येणारी माणसं वाईट नाहीत. रडतात, पाया पडतात. पण मांजरीचे रील गेले आणि आता बाया स्वतः आईचा आवाज लावून, पदर घेऊन, हातात कप धरून रडून दाखवतात. कोण जास्त चांगलं रडते, खाली लोक निकाल देतात. वर्गातल्या एका पोरीनं मला कौतुकानं दाखवलं, "मॅडम, माझ्या ताईनं पण केलं." तिला काय बोलू? मुख्याध्यापक म्हणाले, काही दिवस सुट्टी घ्या, मुलांचं लक्ष लागत नाही. मी घरीच आहे. गावात अर्धे म्हणतात, यांना फार पुळका आहे कॅमेऱ्याचा. शेजारच्या रूपरावकाकांनी मात्र दोन वेळा काठी घेऊन लोकांना हाकललं.

आता जे लिहायचं ते लिहिते.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं होतं. अंगणातलं चित्र काढून टाकलं, हे ऐकल्यावर ती उठून बसली. "म्हंजे त्याच्यात सचिन दिसत होता?" मी म्हटलं, हो. तिनं तो व्हिडिओ कधी पाहिलाच नव्हता गं. त्या दिवशीचं तिला काही आठवत नाही, त्याचा चेहरा कसा होता तेही नाही. म्हणाली, "मले दाखव." मी कोठीतून फोन काढला. शोधलं. कुठेच नाही. गजेंद्रला बोलावलं, त्याच्याकडेही नाही. त्यानं आपल्या हातानं पुसला होता. आवाज मात्र पाहिजे तितका सापडला.

आई म्हणाली, "त्याले काढलं अन् मले ठेवलं."

तुला दुखवायला लिहीत नाही. तिनं म्हटलं ते लिहिलं.

मागच्या गुरुवारी नागपूरचा एक जण आला. चांगला पोरगा होता, अगदी सचिनच्या वयाचा, बूट बाहेर काढून आला, आईला आई म्हणाला. मी चहा करायला आत गेले. बाहेरून त्याचा आवाज आला, "आई, एकदा तसंच म्हणता का? फक्त एकदा." मी पातेलं तसंच टाकून धावले. मी उंबऱ्यात पोचेपर्यंत आईनं म्हटलं होतं.

शाल्मली, ती रोज त्याला उठवायची तसं तिनं म्हटलं नाही. त्या दिवशी म्हणाली तसंही नाही. डीजेत वाजतं तसं म्हणाली. तेवढंच थांबली, तेवढाच आवाज फाडला. पोरगा म्हणाला, "आई, थोडं कमी पडलं." आणि आईनं पुन्हा म्हटलं.

मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. दार लावलं. आई भिंतीकडे पाहत बसली होती. मी म्हटलं, काऊन म्हटलं व आई तू? तर म्हणाली, "मले आता तसं येतच नाई. त्याच्यातली बाई माह्यापेक्षा चांगली रडते."

त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालं आहे. लागलं तेवढं बोलते, तेही ओठातल्या ओठात. बाबांना ऐकू येत नाही, ते दोनदा विचारतात, मग विचारणं सोडून देतात.

सुरभी


पुणे,
२० मे २०२५

प्रिय सुरभी,

तीन कागद फाडले.

मी तो व्हिडिओ काढून टाकला. तुझा, मी टाकलेला. त्याच्या प्रती आता माझ्या हातात नाहीत. अंगणातल्या चित्रासाठी कंपनीला लिहिलं की घरच्यांना ते हवं आहे, निदान आईला पाठवा, कोणाला दाखवू नका. उत्तर आलं की नियमभंगामुळे काढलेली सामग्री परत दिली जात नाही. मग तक्रारीचं निवारण झालं का, समाधानी असाल तर तारे द्या, असं विचारलं.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की खेळ थांबतो. मीच तुला लिहिलं होतं की यंत्राला हसणं आणि रडणं यातला फरक कळत नाही. मीच लिहिलं होतं आणि मीच विसरले. आपण त्याला रडणं दिलं, त्यानं तेही घेतलं.

जूनमध्ये चार दिवस रजा मिळते आहे. मी येते. काकूंपाशी नुसती बसेन.

शाल्मली


अल्लीपूर,
१ जून २०२५

शाल्मली,

येऊ नको. राग नाही, खरंच नाही. पण आईनं तुझं नाव लक्षात ठेवलं आहे. ते चित्र तू परत आणू शकशील असं तिला वाटतं. तू रिकाम्या हातानं दारात आलेली मला तिला दाखवायची नाही.

सुरभी


पुणे,
११ ऑगस्ट २०२५

प्रिय सुरभी,

तू लिहिलं नाहीस आणि मी आले नाही. आईकडून कळलं की शाळा सुरू झाली आणि तू रुजू झालीस.

एक सांगायचं आहे, ते चांगलं आहे की नाही ते तूच ठरव. तो आवाज उतरला. महिनाभरात कोणी तो लावलेला मला दिसला नाही. कंपनीनं काढला नाही, कोणाला शरमही वाटली नाही. लोकांना कंटाळा आला. अंगठा थांबेनासा झाला, तसं यंत्रानं दाखवणं सोडलं. आपण केलेल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही.

त्याच्या जागी आता एका म्हाताऱ्याचा आवाज आला आहे. तो कोणाला तरी म्हणतो, 'मला इथे सोडून जाऊ नका.' कुठल्या जिल्ह्यातल्या कुठल्या गावचा आहे कोण जाणे, पण बोलण्यात एक हेल आहे, तो ऐकला की माणूस थांबतो. मागच्या सोमवारी आमच्या ऑफिसात तो एका प्रवासी बॅगांच्या व्हिडिओवर लावला. मी विचारलं, हा माणूस कोण आहे? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेब म्हणाले, "अगं, ट्रेंडिंग आहे." मी म्हटलं, ते ठीक, पण कोण आहे, त्याला कोण सोडून जातंय? कोणाला माहीत नव्हतं. मी दोन संध्याकाळी शोधलं. सापडला नाही.

तो व्हिडिओ मीच पूर्ण करून दिला. नोकरी सोडली असं तुला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सोडलेली नाही. घराचं भाडं आहे, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, आणि मी सोडली तर दुसरं कोणी करेल, हेही आहे. यातलं काहीही तुला पटावं म्हणून लिहीत नाही.

काकू कशा आहेत?

शाल्मली


अल्लीपूर,
३० ऑक्टोबर २०२५

प्रिय शाल्मली,

तुझं पत्र इतके दिवस उशाखाली होतं. तू नोकरी सोडली नाहीस ते मी आईला सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. मला त्याचा राग आला नाही. सोडून काय झालं असतं?

आता कोणी घर विचारत येत नाही. नवीन वर्गातल्या पोरांना तो आवाज माहीतही नसावा. ती दुसरंच काहीबाही म्हणतात, मी कान देत नाही. डॉक्टर म्हणाले, आईच्या गळ्यात काही दोष नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या तिला झोपवून ठेवतात. दिवाळीला आम्ही काही केलं नाही. पुढच्या महिन्यात सचिनचं वर्षश्राद्ध आहे. बाबा म्हणतात, घरच्या घरी करू, कोणाला सांगायचं नाही.

परवा रूपरावकाका गेले. सोयाबीनच्या गंजीपाशी बसले होते, तिथेच कलंडले. त्यांना घरी आणलं तसा आमच्याच अंगणात असल्यासारखा गाव जमला. आई येणार नाही असं मी धरून चालले होते. पण ती उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्या आधी निघाली.

आमच्याकडे माणूस गेलं की बाया त्याच्याशी बोलत रडतात, तू ऐकलं आहेस. आठवणी काढतात, भांडतात, नाव घेऊन हाका मारतात. काकांच्या आनंदाबाई तर गावात दहा घरांच्या मयतीला पुढे बसून रडलेल्या. त्यांचा स्वतःचा नवरा समोर निजवलेला, आणि मी पाहिलं, त्यांनी तोंड उघडण्याआधी सगळीकडे नजर फिरवली. दारात उभी असलेली पोरं, ओट्यावरचे लोक, भिंतीवरून पाहणारे. सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. कोणाच्याही हातात फोन नव्हता, मी तुला खरं सांगते. तरी पाहिलं.

मग त्यांच्यानं राहवलं नाही. "अवो, तुमी मले..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं.

आई त्यांच्या बाजूला बसली होती. तिनं आपला पंजा त्यांच्या तोंडावर ठेवला. घट्ट. आनंदाबाईंचे डोळे मोठे झाले, पण त्यांनी आईचा हात काढला नाही. किती महिन्यांनी मी आईला असं ऐकू येण्याजोगं बोलताना ऐकलं.

"हळू रड व बाई," ती म्हणाली. "कोनी घेऊन जाईन."

आनंदाबाईंनी पदराचा बोळा करून तोंडात घातला. मग त्यांच्या जावेनं घातला. मग एकेक करून सगळ्या बायांनी. तिरडी बांधून होईपर्यंत, ती उचलून वेशीबाहेर जाईपर्यंत, त्या अंगणातून कोणाचाच आवाज आला नाही.

सुरभी